प्लॅस्टिकच्या गवतावर पाणी का साचते?

पाऊस थांबून दोन तास झालेले असतात. शाळेच्या अंगणातली फरशी वाळलेली असते, बाहेरचा डांबरी रस्ताही वाळलेला असतो. मधला हिरवागार चौकोन मात्र पाय ठेवला की पचपचतो. मुलांचे मोजे ओले होतात, बाईंच्या चपला ओल्या होतात आणि 'आज गवतावर कोणी जायचे नाही' अशी सूचना निघते. हे गवत अर्थातच खरे नव्हे, प्लॅस्टिकचे. ते बसवताना सांगितलेले असते की याला चिखल होत नाही, पाणी घालावे लागत नाही, बारा महिने खेळता येते. मग पावसाळ्याचे चार महिने ते पाणी धरून का बसते?

पुण्याच्या पश्चिमेला, वारज्यात आणि आसपास अशी कृत्रिम हिरवळ गेल्या काही वर्षांत जागोजागी दिसू लागली आहे. शाळा आणि बालवाड्यांची अंगणे, सोसायट्यांच्या गच्च्या, तासावर भाड्याने मिळणारी फुटबॉल-क्रिकेटची जाळीबंद मैदाने. पावसाळ्यात सगळीकडची तक्रार एकच असते, आणि तिच्यावरचे निदानही बहुधा एकच असते: 'खालची भोके बुजली असणार.' त्यापुढचा सल्ला म्हणजे गालिचा बदला. शाळेच्या बाबतीत हा खर्च पालकांच्या वर्गणीतून किंवा कोणाच्या तरी देणगीतून झालेला असतो. तो दर तीन-चार वर्षांनी पुन्हा करणे कोणालाच परवडणारे नाही. तेव्हा मुळात हे निदान बरोबर आहे का, ते आधी पाहू. त्यासाठी थोडे अंकगणित, एक पत्र्याचा डबा, एक स्पंज आणि वाटीभर खडी एवढे साहित्य पुरते. वर्गातल्या मुलांनाही यात सहज घेता येईल.

गालिचा उलटा करून

दुकानात मागितला तर अशा हिरवळीचा वीतभर तुकडा नमुना म्हणून मिळतो. तो उलटा करून पाहा. वरची पाती पॉलिएथिलिनची असतात. दुधाची पिशवी ज्या प्लॅस्टिकची असते तेच हे. खतांची पोती ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची विणतात, तशाच कापडात ही पाती शिवलेली असतात. ती ओढल्यावर निघू नयेत म्हणून कापडाच्या पाठीवर लॅटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. हा थर पाणी अजिबात जाऊ देत नाही. म्हणून मग त्यात ठरावीक अंतरावर गरम खिळ्यांनी भोके पाडतात. साधारण ५ मिलिमीटर व्यासाचे एक भोक, आणि दर १० सेंटिमीटरवर एक. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये सुमारे १०० भोके.

येथे थोडे विषयांतर करतो. या गवताचा जन्मच मुळी छपराखाली झाला. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात १९६५ साली अ‍ॅस्ट्रोडोम नावाचे पूर्ण छताचे क्रीडागृह उघडले. आत उजेड यावा म्हणून छताला पारदर्शक तावदाने होती, पण त्यांच्या चकाकीमुळे उंच गेलेला चेंडू खेळाडूंना दिसेना. म्हणून तावदाने रंगवली, आणि मग उजेडाअभावी आतले खरे गवत मेले. १९६६ साली तेथे नायलॉनचे गवत अंथरले गेले आणि त्या क्रीडागृहावरूनच ते 'अ‍ॅस्ट्रोटर्फ' या नावाने जगभर ओळखले जाऊ लागले. छताखाली पाऊस पडत नाही, त्यामुळे पाण्याचा निचरा हा प्रश्नच तेथे नव्हता. पुढे हे गवत उघड्यावर आले. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला, हे आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. पुण्यात बालेवाडीला आणि पिंपरीत नेहरूनगरला हॉकीची अशी मैदाने आहेत. हॉकीच्या मैदानावर तर खेळाआधी मुद्दाम पाणी मारतात, आणि तरीही तेथे डबकी होत नाहीत. याचे कारण गवतात नाही, त्याच्याखाली घडवलेल्या बांधकामात आहे. अंगणात गवत आले, पण ते बांधकाम मात्र बरोबर आले नाही.

आता भोकांकडे वळू.

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात हे मुलांना पाठ असते, पण त्याचा अर्थ बऱ्याचदा उमगलेला नसतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर. त्याचे घनफळ काढले तर बरोबर एक लिटर भरते. म्हणजे ताशी १०० मिलिमीटर अशा भयंकर वेगाने पाऊस कोसळला, तरी एका चौरस मीटरवर तासाला १०० लिटर पाणी पडते. मिनिटाला पावणेदोन लिटरही नाही.

हे पाणी १०० भोकांतून जाईल का? पत्र्याच्या डब्याच्या तळाला ५ मिलिमीटरचे एक भोक पाडा. डब्यात पाण्याची उंची सतत एक सेंटिमीटर राहील अशा बेताने वरून पाणी ओतत राहा आणि एका मिनिटात खाली किती पाणी जमते ते मोजा. सुमारे ३०० मिलिलिटर भरेल. भोकाच्या कडा खडबडीत असतील तर थोडे कमी. म्हणजे १०० भोकांतून मिनिटाला ३० लिटर! गरज पावणेदोन लिटरची आणि सोय ३० लिटरची. दर दहापैकी नऊ भोके बुजली, तरी उरलेली दहा भोके मिनिटाला ३ लिटर पाणी सोडतील आणि ते भयंकर पावसालाही पुरेल.

एवढ्यावरून आपल्याला एक गोष्ट नक्की कळते. गालिचा सहसा निर्दोष असतो. पाणी भोकातून खाली उतरायला तयार असते, पण खालीच जागा नसते.

काळी माती आणि मे महिन्यातली बादली

वारज्याची जमीन कशी आहे? उत्तर-पश्चिमेला टेकड्या आणि दक्षिणेला मुठा नदी, यांमधल्या उतारावर हे गाव वसले. टेकडीच्या बाजूला बसाल्टचा कातळ फार खोल नसतो. त्यावर मुरूम आणि वर वीतभर माती. नदीकडे उतरावे तसा काळ्या मातीचा थर जाड होत जातो. पूर्वी येथे शेते होती, त्याचे कारण ही मातीच.

शेतकऱ्याला हवीशी वाटणारी ही माती निचऱ्याच्या दृष्टीने मात्र अवघड आहे. तिच्यातले चिकण खनिज अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असते. पाणी या पापुद्र्यांमध्ये शिरते, ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. फुगली की तिच्यातल्या मोकळ्या वाटा बंद होतात. पूर्ण भिजलेल्या चिकण मातीत तासाला १ ते ५ मिलिमीटर पाणी मुरते. वाळूत हाच आकडा ३० मिलिमीटरच्या वर जातो. उन्हाळ्यात याच्या उलट घडते: माती आक्रसते आणि तिला बोटभर रुंदीच्या भेगा पडतात.

आता गंमत पाहा. हिरवळ बसवण्याची कामे उन्हाळ्याच्या सुट्टीत होतात. कंत्राटदार मे महिन्यात जमिनीवर बादलीभर पाणी ओतून दाखवतो. ते भेगांमधून सर्रकन नाहीसे होते आणि सगळ्यांचे समाधान होते. जुलैत तीच जमीन फुगून बसलेली असते आणि बादलीभर पाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कंत्राटदार फसवतोच असे नाही, अनेकदा त्यालाही हे ठाऊक नसते. खरी परीक्षा घ्यायची तर फूटभर खोल खड्डा घ्या, तो पाण्याने भरा, रात्रभर भिजू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि त्यात पट्टी उभी करून दर अर्ध्या तासाने पातळी लिहून ठेवा. पहिल्या दिवसाचा आकडा विसरून जा, दुसऱ्या दिवसाचा खरा. मुरमाच्या जागी पाणी झपाझप उतरेल. काळ्या मातीत पट्टीकडे बघत बसावे लागेल.

अंगण काळ्या मातीवर असेल आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यातले ३-४ मिलिमीटर मुरतील आणि बाकीचे तसेच राहील. २० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद अंगणावर हे उरलेले पाणी ११ हजार लिटर भरते, म्हणजे एक मोठा टँकर. कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर हिरवळ अंथरली असेल तर मुरण्याचा प्रश्नच नाही, सगळाच्या सगळा टँकर तुमचा. जमिनीत उतरू न शकणाऱ्या या पाण्याला आडवे जाता आले पाहिजे, आणि आडवे जायला दोन गोष्टी लागतात: उतार आणि मोकळी जागा. बहुतेक अंगणांत दोन्ही नसतात.

उताराचे तर असे होते की 'मैदान एकदम सपाट हवे' असा आग्रह शाळाच धरते. सपाट जागेवरचे पाणी कुठे जाणार? मीटरला एक सेंटिमीटर एवढा उतार पुरतो. बारा मीटर रुंदीत तो फक्त बारा सेंटिमीटर होतो. धावणाऱ्या मुलाला तो जाणवतही नाही. जाळीबंद क्रिकेटवाल्यांना एवढाही नको असेल तर मध्यभाग किंचित उंच ठेवून दोन्ही बाजूंना त्याच्या निम्मा उतार द्यावा. उतार मोजायला महागडे यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. नळीची दोन टोके मैदानाच्या दोन कडांवर उभ्या पट्ट्यांना लावा. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर राहते, त्यामुळे जमिनीतला फरक लगेच वाचता येतो. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर उत्तर चुकेल. आठवीच्या मुलांना द्रवाचा दाब शिकवताना यापेक्षा चांगला प्रयोग नाही, आणि मैदानाचा नकाशाही आयता तयार होतो.

मोकळ्या जागेची कथा आणखी रंजक आहे.

स्पंज, खडी आणि डस्ट

भांडी घासायचा लांबट स्पंज पाण्यात बुडवा आणि न पिळता जाळीवर आडवा ठेवा. थोडा वेळ पाणी ठिबकेल, मग थांबेल. आता त्याच स्पंजला हात न दाबता अलगद लांबीवर उभा करा. पुन्हा धार लागेल! स्पंज तोच, भोके तीच, मग आधी न पडलेले पाणी आता का पडले?

बारीक छिद्रांत पाणी केशाकर्षणाने धरले जाते. गुरुत्वाकर्षण ते खाली ओढते, पण तळापासून ठरावीक उंचीपर्यंतच्या छिद्रांतले पाणी खाली सोडायला ते पुरेसे ठरत नाही. त्यामुळे तळाचा एक थर नेहमी भरलेला राहतो. स्पंज आडवा असतो तेव्हा त्याची सगळी जाडी या थरातच मोडते. उभा केला की तेवढ्याच उंचीचा थर भिजलेला राहतो, पण त्याच्या वरचा भाग मोकळा होतो. छिद्रे जितकी बारीक, तितका हा भिजका थर उंच.

आता अंगणात या. हिरवळीखाली समतल करण्यासाठी सर्रास अंथरतात ती डस्ट, म्हणजे खडीच्या क्रशरमधून निघणारी भुकटी. ती दाबली की काचेसारखी गुळगुळीत बसते, काम सुबक दिसते. पण तिच्यातली पिठासारखी पूड मोठ्या कणांमधल्या फटी बुजवून टाकते. पाणी तिच्यातून फार सावकाश जाते आणि जे आत शिरते ते स्पंजासारखे धरून ठेवले जाते. चार-पाच सेंटिमीटर जाडीचा डस्टचा थर म्हणजे आडवा ठेवलेला स्पंजच. तो सप्टेंबरपर्यंत ओला राहतो. त्यातूनच तो कुबट वास येतो आणि कडेला शेवाळे धरते.

याउलट एकसारख्या आकाराची, धुतलेली खडी घ्या. लिटरभराचे भांडे खडीने काठोकाठ भरा आणि त्यात मोजून पाणी ओता. सुमारे ४०० मिलिलिटर पाणी मावेल. भरलेले दिसणारे भांडे चार-दशांश रिकामेच होते. त्याच खडीत डस्ट मिसळून पुन्हा पाहा, आकडा झपाट्याने घसरतो. दहा सेंटिमीटर जाडीच्या स्वच्छ खडीच्या थरात अशा रीतीने ४० मिलिमीटर पाऊस सहज मावतो. आपल्या २० बाय १२च्या अंगणात ते साडेनऊ हजार लिटर होतात. वर मुले खेळत असतात आणि खाली एक अदृश्य टाकी भरत आणि हळूहळू रिकामी होत असते. आमच्या मते या सगळ्या कामात पैसे खर्च करावेत असे ठिकाण हेच आहे. पाती अर्ध्या इंचाने उंच घेण्यात नव्हे.

निदान आधी, दुरुस्ती नंतर

झालेल्या अंगणात पाणी साचत असेल तर लगेच काही उचकटू नका. उघडीप मिळालेल्या दिवशी एक बादली घेऊन तीन ठिकाणी पाणी ओतून पाहा: जेथे डबके होते तेथे, जेथे होत नाही तेथे, आणि कडेला.

डबक्याची जागा सोडून इतरत्र पाणी पटकन गेले, तर तो नुसता खळगा आहे. खाली कधीकाळी नळासाठी चर खणलेला असतो, त्यातली भर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात दबते आणि वरचा गालिचा तिच्याबरोबर खाली जातो. याचा उपाय सोपा आहे. जवळचा सांधा सोडवून गालिचा तेवढाच उचलायचा, खळग्यात पूड नसलेली बारीक कच भरून ठोकायची आणि सांधा पुन्हा चिकटवायचा. सांध्याची पट्टी आणि गोंद कोरड्या हवेतच धरतात, म्हणून हे काम दिवाळीनंतर करावे. भर पावसात चिकटवलेला सांधा पुढच्या पावसात उघडतो.

तिन्ही ठिकाणी पाणी सारखेच रेंगाळले, तर दोन शक्यता उरतात. वरचा कचरा, किंवा खालचा डस्टचा थर. कोणती ते ओळखायला एका कोपऱ्यात गालिचा उचलून उघड्या थरावर थेट पाणी ओता. ते लगेच मुरले तर दोष वरचा. वारज्यात रस्त्यांच्या कडेला गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर भरपूर आहेत. त्यांची इवलीशी पर्णदले आणि पाकळ्या पात्यांच्या बुडाशी जातात, धुळीबरोबर कुजतात आणि त्यांचा पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा पाण्याला भोकापर्यंत पोहोचूच देत नाही. म्हणजे भोके बुजण्याचे निदान अगदीच खोटे नाही, पण अशा वेळीही गालिचा बदलायची गरज नसते. पाती झुकलेली असतात त्याच्या उलट दिशेने ताठ केसांच्या प्लॅस्टिक ब्रशने, कोरड्या दिवशी घासून कचरा काढला की काम भागते. तारेचा ब्रश नको, पाती तुटतात. पाण्याचा जोरदार फवारा तर नकोच. तो भरलेली वाळू उडवतो आणि कचरा आणखी खाली दाबतो.

उघड्या थरावरही पाणी तसेच राहिले, तर मात्र दोष पायाचा आहे. सगळे उचकटण्याआधी तेथेही एक मधला मार्ग करून पाहण्यासारखा आहे. सखल कडेने हातभर खोल आणि वीतभर रुंद चर काढायचा, तळाशी भोकांचा पाइप थोड्या उतारात टाकायचा, चर खडीने भरायचा आणि पाइपचे तोंड बाहेर काढायचे. डस्टच्या थरातून पाणी सावकाश का होईना, पण या चराकडे सरकते. खूप रुंद अंगणाला याचा फार उपयोग होत नाही. मग उन्हाळ्यात डस्ट काढून खडी भरणे हाच उपाय. गालिचा तोच परत वापरता येतो, हे कंत्राटदाराला आवर्जून सांगा.

आणि पाणी फक्त कडेलाच उभे राहत असेल तर? तेव्हा कडेचा कठडा पाहा. शोभेसाठी चारी बाजूंनी सिमेंटची किंवा दगडाची पट्टी बांधलेली असते, गवतापेक्षा दोन बोटे उंच. आपण नकळत एक उथळ हौद बांधलेला असतो. सखल बाजूला त्या पट्टीला दर मीटरवर एक भोक पाडले की हौद रिकामा. इतका क्षुल्लक दोष आणि इतका वारंवार दिसणारा दुसरा नसेल.

गच्चीचे वेगळे आहे. तेथे कोब्याला उतार बहुधा दिलेलाच असतो, पण हिरवळ थेट कोब्यावर चिकटवल्यामुळे पाण्याची वाट अडते. कधी पन्हळाच्या तोंडावरची जाळीसुद्धा गालिच्याखाली झाकली जाते. गच्चीवर गालिचा पूर्ण चिकटवूच नये. खाली उंचवटे असलेल्या प्लॅस्टिकच्या जाळीदार फरश्या मिळतात, त्यांवर तो अंथरावा. मग कोबा आणि गालिचा यांमध्ये बोटभर पोकळी राहते. पन्हळाच्या तोंडाशी गालिचा कापून चौकोन उघडा ठेवावा. दिसायला थोडे बरे दिसत नाही, पण खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येण्यापेक्षा ते बरे.

नव्याने बसवायची असेल तर क्रम लक्षात ठेवायचा तो असा. वीतभर माती काढा, खालच्या जमिनीलाच मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या, मातीवर जाड न विणलेले कापड अंथरा म्हणजे काळी माती खडीत वर येणार नाही. त्यावर दहा सेंटिमीटर खडी, तिच्यावर तीन-चार सेंटिमीटर बारीक कच, मग गालिचा. उतार खालच्या थरापासून हवा. खाली सपाट ठेवून वर डस्टने उतार केला तर पाणी खाली जाऊन तेथेच बसते.

बाहेर म्हणजे कुठे?

येथपर्यंत आपण पाणी 'बाहेर' काढले. पण वारज्यात बाहेर म्हणजे खालच्या अंगाला, आणि खालच्या अंगाला कोणीतरी राहते. टेकड्यांवरचे पाणी ओढ्यानाल्यांनी मुठेकडे येते. मध्ये डुक्कर खिंडीतून उतरणारा मुंबई-बंगळूर महामार्ग आडवा आहे, म्हणजे पाण्याला मोजक्या मोऱ्यांतूनच वाट काढावी लागते. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत शिवाजीनगरला सुमारे ११४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकहून जास्त पाणी मुठेत सोडले गेले आणि नदीपलीकडे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. एवढ्या पावसात आपल्या अंगणावर २७ हजार लिटर पाणी पडते. नदी अशी चढलेली असते तेव्हा नदीकाठच्या गटारांची तोंडे पाण्याखाली जातात आणि पाणी उलटे येऊ लागते. त्यामुळे सखल भागातल्या अंगणाच्या पाइपचे तोंड गटारात खोलवर सोडून चालत नाही. ते शक्य तितके वर हवे आणि त्याला उलट येणारे पाणी अडवणारी झडप हवी.

मुरमाची जमीन असेल तर पाइप शोषखड्ड्यात सोडणे उत्तम. काळ्या मातीत शोषखड्डा म्हणजे झाकलेले डबके. तेथे खडीचा थर जाड करून पाणी रोखून धरणे आणि पाऊस ओसरल्यावर हळूहळू सोडणे हेच शहाणपणाचे. चेंबर असेल तर त्याला बारीक जाळी हवीच. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. जाळीचा दुसरा उपयोग म्हणजे झिजलेली पाती आणि रबराचे दाणे तिच्यात अडकतात. नाहीतर त्यांचा पुढचा मुक्काम मुठा नदीतच. युरोपीय संघाने २०२३ साली मैदानात भरण्याच्या अशा प्लॅस्टिक-रबराच्या दाण्यांच्या विक्रीवर बंदी ठरवली. मैदानांना बदल करण्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली आहे. शाळेच्या अंगणात रबराचे दाणे भरूच नयेत, साधी वाळू पुरते.

मुळात ही हिरवळ बसवावी का, असे शिक्षक आम्हांला विचारतात. मोठ्या गच्चीवर किंवा अजिबात सावली न येणाऱ्या जागी आमचे उत्तर बहुधा 'नको' असे असते, कारण एप्रिलच्या दुपारी हे गवत हवेपेक्षा वीस-तीस अंशांनी जास्त तापते आणि अनवाणी पायाला चटका बसतो. लहान अंगणात, जेथे शंभर मुलांच्या पायांखाली खरे गवत टिकणारच नाही, तेथे ती समजू शकते. मात्र एखादा कोपरा मातीचा आणि झाडाचा राहू द्यावा. याचे कारण वारज्यातच पाहता येते. तेथील टेकडीवर सुमारे ४० एकर वनजमिनीवर २०१५च्या सुमारास लोकांच्या सहभागातून नागरी वन उभे राहू लागले. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारने देशात २०० नगरवने उभारण्याची योजना जाहीर केली तेव्हा याच वनाचे उदाहरण दिले होते. सहल तेथे न्या, पाऊस पडून गेल्यावर पालापाचोळा हाताने बाजूला करा आणि खालची माती बघा. मुळांनी, मुंग्यांनी आणि गांडुळांनी पाडलेली भोके मोजायला शंभरावर थांबता येणार नाही. फूटपट्टीचा खड्डा-प्रयोग तेथे आणि शाळेच्या अंगणात एकाच आठवड्यात करून दोन्ही आलेख एका कागदावर काढता येतील. खड्डा मात्र वनखात्याला विचारून घ्या.

अंगणाचे काम ठरण्याआधी एक गोष्ट अवश्य करा. जूनमधल्या पहिल्या जोरदार सरीत सातवी-आठवीची पाच-सहा मुले छत्र्या घेऊन व्हरांड्यात उभी करा. प्रत्येकाच्या हाती अंगणाचा नकाशा द्या आणि पाणी कोठून येते, कोठे वळते, कोठे थांबते ते बाणांनी काढायला सांगा. छपराच्या पन्हळाचे पाणी अंगणात पडत असेल तर तेही दाखवायला सांगा. अनेकदा अंगणातल्या पाण्याचा मोठा वाटा छपराचाच असतो आणि ते पन्हळ वळवले की निम्मा प्रश्न तेथेच सुटतो. सर ओसरल्यावर सगळे नकाशे शेजारी शेजारी मांडा. जेथे सगळ्यांचे बाण एकत्र येतात, तेथे पाइपचे तोंड असले पाहिजे. कंत्राटदाराला बोलावून हा नकाशा त्याच्यापुढे ठेवा आणि गालिच्याचे नमुने त्यानंतर बघा.